अनुसयाबाईंची चांदणी

गेल्या महिन्यात नागपुरातच, नंदनवनला एका लग्नाला गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर आम्ही पाच-सहा म्हातारे मंडपातच खुर्च्या ओढून बसलो. धंतोलीच्या एका जुन्या प्रसूतिगृहात आयुष्य काढलेल्या एक सिस्टर आमच्यात होत्या. दवाखान्यातल्या गमती सांगता सांगता त्या गुलाबी चादरींवर आल्या. कोण्या एका बाईने बाळांसाठी गोधडी शिवून आणली, ती चादरींसोबत धुवायला टाकली, आणि सगळ्या चादरी, टॉवेल, खुद्द डॉक्टरसाहेबांचे दोन कोट गुलाबी होऊन निघाले. डॉक्टरसाहेब आठवडाभर गुलाबी कोट घालून राउंड घेत होते म्हणे.

"हात फार गुणी होता हो त्या बाईचा," सिस्टर म्हणाल्या, "पण कापडातलं काही कळत नव्हतं बिचारीला."

सगळे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या बाईचं नाव अनुसया. कापडातलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं मला चाळीस वर्षं कात्री चालवूनही कळलं नाही. चादरी कोणामुळे गुलाबी झाल्या हे सांगू शकेल असा माणूस आता मी एकटाच उरलो आहे. मी गेल्यावर सिस्टरांची गोष्टच खरी ठरेल. म्हणून लिहून ठेवतो.

सदरमध्ये आमचं शिलाईचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलेलं. कोट आणि सूट हे आमचं मुख्य काम. साहेब लोक, वकील, डॉक्टर यायचे. वडिलांना सगळे मोठे मास्तर म्हणत आणि मला नुसतं मास्तर. सन साठच्या आसपास वडिलांचे हात थरथरायला लागले, तेव्हा कात्री माझ्याकडे आली. ते मात्र रोज सकाळी येऊन दाराजवळच्या आरामखुर्चीत बसायचे आणि मी कापत असलो की माझ्या हाताकडे बघायचे. त्यांनी माझ्या कामाला कधी वाईट म्हटलं नाही. चांगलंही म्हटलं नाही.

आठवडाभराची कातरण, म्हणजे कापून उरलेले तुकडे, आम्ही एका पोत्यात टाकत असू. ती न्यायला अनुसयाबाई दर शनिवारी इंदोरा वस्तीतून पायी येत. ठेंगणा बांधा, सावळा रंग, खोचलेलं नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ. नवरा गिरणीत होता. छप्पन सालच्या दीक्षेला त्या नवी नवरी म्हणून सासरच्या माणसांसोबत गेल्या होत्या. तेव्हाचं पांढरं लुगडं त्यांनी जपून ठेवलं होतं. घरातल्या सगळ्या जुन्या कपड्यांना त्यांची कात्री लागली, पण त्या लुगड्याला लागली नाही. हे मला त्यांनी नाही, माझ्या बायकोने सांगितलं. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत.

पहिल्या शनिवारी मी चेष्टेने विचारलं होतं, "काय वं बाई, या चिंध्यांचं करतं काय तू?"

"पांघरूण."

"सुटाच्या कातरणीचं पांघरूण?"

"सुटाले थोडी माहीत हाय ते कातरण हाय म्हणून," त्या म्हणाल्या आणि पोतं पायरीवर रिकामं केलं.

मी त्यांना 'तू' म्हणत असे. आज 'त्या' लिहितो आहे, ते उशिरा आलेलं शहाणपण आहे. आणखी एक लिहून टाकतो. दुकानात त्यांच्यासाठी वेगळा ग्लास होता, खिडकीत उपडा ठेवलेला. कोणी विचारलं तर मी म्हणत असे, वडील जुन्या वळणाचे आहेत. वडिलांनी ठेवला नव्हता. मी ठेवला होता. अनुसयाबाई त्या ग्लासातून कधी पाणी प्यायल्या नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात दोन-दोन तास पायरीवर बसायच्या, वडील म्हणायचे, बाई, पाणी घे. "मले इथं तहान नाही लागत, मोठे मास्तर," असं म्हणून त्या तुकडे निवडत राहायच्या.

त्यांचं निवडणं बघण्यासारखं होतं, आणि दुर्दैव असं की सगळे बघायचे. नजर रस्त्यावर, बोटं तुकड्यांत. सुती, लोकरी, रेशमी, भेसळ, प्रत्येकाचा ढीग वेगळा. न बघता. एकदा एक लठ्ठ निवृत्त साहेब कोटाच्या ट्रायलला आले होते. ते थट्टेने म्हणाले, "बाई, माझ्या कोटाची कातरण कोणाच्या अंगावर जाणार?"

"साहेब, तुमच्या एका कोटाच्या कातरणीत दोन लेकरं झोपतीन."

साहेब पोट धरून हसले. पुढच्या वेळी आले तेव्हा मी शिवलेल्या कोटाचा खांदा कसा बसला ते बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "त्या बाई नाही आल्या आज?" मी म्हटलं, आज शनिवार नाही. ती माझ्या मत्सराची पहिली खूण असावी. इतकी क्षुल्लक गोष्ट आज पन्नासाहून अधिक वर्षांनी आठवते आहे, यावरून ओळखा.

गोधडी शिवायला घेण्याआधी त्या विचारायच्या, कोण पांघरणार, आणि कोणत्या कुशीवर झोपते. लोकांना हसू यायचं. पण ज्या कुशीला थंडी जास्त लागते तिकडे त्या आतून जुन्या लुगड्याचा एक पदर जास्तीचा घालायच्या. आणि कोणताही तुकडा आधी भिजवल्याशिवाय कापायच्या नाहीत. कातरण घरी गेली की रंगारंगाने वेगळी करून मिठाच्या पाण्यात एक दिवस, एक रात्र. मग पांढऱ्या फडक्याने पुसून बघायचं. फडक्याला रंग लागला की तो तुकडा बाद. "ज्याले पाण्यात रडाचं हाय, त्यानं आधीच रडून घ्यावं," असं म्हणायच्या. माझ्या बायकोने, कमलने, हे त्यांच्याकडून शिकून आमच्या घरी सुरू केलं. मी शिंपी. माझ्या घरात कापड भिजवायचं कसं ते अनुसयाबाईंच्या नावाने चालायला लागलं.

पण खरी गोष्ट चांदणीची.

गोधडीच्या मधोमध त्या आठ टोकांची चांदणी बसवायच्या. शंकरपाळ्याच्या आकाराचे आठ तुकडे, आठांची आठ टोकं मध्ये एका बिंदूत. ज्याने शिवण हातात धरली आहे त्यालाच कळेल यात काय आहे. शंकरपाळ्याच्या कडा उरेब येतात, तिरप्या. उरेब कापड हात लावला की ताणतं. शिवाय प्रत्येक शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडावं लागतं, आम्ही त्याला माया म्हणतो. आठ तुकड्यांची माया एका ठिकाणी आली की तिथं गाठ होते आणि कापड फुगून वर येतं. अनुसयाबाईंची चांदणी मात्र कागदावर काढल्यासारखी सपाट. तिच्यावर तळहात फिरवला तर मध्य कुठे आहे ते हाताला कळायचं नाही. आणि त्यांच्याजवळ ना टेप, ना खडू. वर्तमानपत्राचा एक कागद घड्या घालून कापलेला, तेच माप.

मला वाटलं, बाईला येतं ते मला का येऊ नये. एका रविवारी दुकान आतून बंद करून बसलो. कोनमापक घेतलं, पंचेचाळीस अंश मोजले, खडूने आखलं, मशीनवर शिवलं. मध्ये टोपीसारखा उंचवटा आला. उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा टोपी. तिसऱ्यांदा इस्त्री इतकी दाबली की कापड पिवळं पडलं. संध्याकाळी ती चांदणी कातरणीच्या पोत्यात खाली दडपून टाकली आणि घरी गेलो.

शनिवारी ते पोतं अनुसयाबाईंच्याच हातात जाणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी दुकानात काही दाखवलं नाही. त्या पुढच्या शनिवारी आल्या आणि मी एकटा असताना पायरीवरूनच एक घडी माझ्यापुढे ठेवली. माझीच चांदणी. माझेच तुकडे, माझंच कापलेलं. फक्त शिवण उसवून हाताने पुन्हा घातलेली. सपाट.

"मास्तर, तुमचं माप बराबर होतं," त्या म्हणाल्या. "पण कापडाले माप कोठं समजते. त्याले जरा त्याच्या मनानं बसू द्या लागते." मग चांदणी उलटी करून दाखवली. "हे पाहा. माया सगळी एकाच अंगानं वळवाची. मंग मंधात आठ पदर एकावर एक नाही चढत, फिरत जातात."

मागच्या बाजूने शिवणी भिंगरीसारख्या एका दिशेने फिरत गेल्या होत्या. इतकी साधी युक्ती. त्यांनी ती मी न मागता, चारचौघांत न लाजवता, फुकट दिली. मी म्हणालो, "टाइमपास म्हणून केलं होतं." त्या म्हणाल्या, "हो न." बस, एवढंच. त्या 'हो न'मध्ये काही नव्हतं. पण मी ते कित्येक दिवस मनात उलटंपालटं करून बघत राहिलो.

वडिलांना थंडी सोसवेना तेव्हा अनुसयाबाईंनी त्यांच्यासाठी एक लहान गोधडी शिवली, गुडघ्यांवर घ्यायला. आमच्याच सुटांच्या कातरणीची. करडा, निळा, काळा, आणि मध्ये तपकिरी चांदणी. वडिलांनी ती हातात घेतली आणि आधी उलटी केली. ते कोणतंही काम मागच्या बाजूने तपासायचे. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"मधू, इकडं ये गा."

मी गेलो.

"हे मागून पाह्य."

"पाह्यलं, बाबा."

"नाही, पाह्य. टाका न् टाका सारखा हाय. याले म्हंते हात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्याच्यानं हे नाही होत. माह्याच्यानंही नाही झालं."

दुकानात कारागीर होते, काज-बटणवाले होते, एक गिऱ्हाईकही होतं. अनुसयाबाई पायरीवर मान खाली घालून बसल्या होत्या. वडिलांनी मला कमी लेखलं असं नाही, त्यांनी स्वतःलाही त्याच ओळीत बसवलं होतं. पण ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून मी दहा-बारा वर्षं त्याच्या समोर कापत होतो, तो शब्द पायरीवरच्या बाईला गेला. यात जातीचाही भाग होता. ती कोणी दुसरी असती तर मला इतकं लागलं नसतं. हे कबूल करायला मला म्हातारं व्हावं लागलं.

त्या दिवसापासून मी कातरण मुद्दाम लहान करायला लागलो. मोठा तुकडा हाती आला की कात्रीने त्याचे दोन करून पोत्यात टाकायचो. अनुसयाबाईंनी त्या बारीक तुकड्यांच्या बारीक चांदण्या केल्या. लोकांना त्या जास्तच आवडल्या.

मग आणीबाणीच्या एक-दोन वर्षं आधीची ती गोष्ट. सिस्टरांच्या त्या प्रसूतिगृहाच्या मालकीणबाई, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या पत्नी, साहेबांचा सूट बघायला दुकानात आल्या. शनिवार होता. वडील खुर्चीत, गुडघ्यांवर ती गोधडी. मी कच्चे टाके घातलेला कोट हातावर घेऊन उभा.

"मोठे मास्तर, हे कुठून घेतलंत?"

"आमच्या अनुसयाबाईनं शिवलं," वडील म्हणाले आणि पायरीकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाई सरळ पायरीवर जाऊन बसल्या. त्यांची रेशमी साडी पायरीच्या धुळीत. अर्धा तास बोलत होत्या. कोट माझ्या हातावर तसाच. मध्येच मागे वळून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्हाला येतं का हो हे?"

"आम्ही सूट शिवतो, बाई."

"ते हो. पण हे येतं का?"

वडील हसले. फार दिवसांनी हसले होते.

डॉक्टरीणबाईंच्या मनात आलं ते असं. त्यांच्या दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला घरी जाताना एक छोटी गोधडी द्यायची, मध्ये चांदणी असलेली. दवाखान्याच्या मागे एक खोली रिकामी होती. तिथं अनुसयाबाईंनी त्यांच्या वस्तीतल्या आठ बायकांना शिकवायचं आणि सगळ्यांनी मिळून शिवायचं. बारमाही काम. तेव्हा अनुसयाबाईंच्या नवऱ्याची गिरणी रडतखडत चालू होती, आज चालू तर उद्या बंद. कमलने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "मीही जाईन शिकाले." माझी बायको.

फक्त दोन अटी होत्या. बाळांसाठी कातरण नको, कोरं कापड हवं, पांढऱ्यावर लाल. आणि मंगळवारी या कामाला मदत करणाऱ्या बायकांची बैठक होती, तिथं दाखवायला एक नमुना हवा. डॉक्टरीणबाई गेल्या आणि अनुसयाबाई पहिल्यांदाच पायरी चढून आत टेबलापाशी आल्या.

"मास्तर, कोरं लाल हाय का तुमच्याजवळ?"

वरच्या फळीवर लाल सुती कापडाचं एक ठाण होतं. ते दुकानात आलं त्याच दिवशी मी नेहमीप्रमाणे ओला अंगठा घासून बघितलं होतं. अंगठा लाल झाला होता. व्यापाऱ्याला परत करायचं म्हणून मी ते वर ठेवलं होतं. तिथं दुसरं लालही होतं, पक्क्या रंगाचं, खालच्या फळीवर. माझा हात वर गेला. मी स्वतःला आजवर अनेकदा सांगितलं की हात आपसूक गेला. आपसूक गेला नाही. त्यासाठी स्टूल घ्यावं लागलं.

मी कापून दिलं. वर म्हटलं, "घेऊन जा, पैसे राहू दे."

त्यांनी कापड हातात घेतलं, उजेडात धरलं. "मास्तर, मंगळवारपर्यंत भिजवून, वाळवून नाही होणार माह्याच्यानं. रंग पक्का हाय ना?"

"पक्का," मी म्हटलं.

"तुमचे उपकार झाले," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवारी नमुना सगळ्यांना फार आवडला असं कळलं. खोली झाडून घेतली. आठ बायकांची नावं लिहून घेतली. अनुसयाबाई बुधवारी, शनिवार नसताना, वडिलांना हे सांगायला आल्या होत्या. वडिलांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. शुक्रवारी दवाखान्याचा माणूस दुकानात आला. बाईंनी मास्तरांना बोलावलं आहे.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. दहा-बारा तरी असतील. सगळ्या एकसारख्या, फिक्या गुलाबी. तिथले धोबी चादरी सोडा घालून उकळत्या पाण्यात धुवायचे आणि नमुन्याची गोधडीही त्यात टाकली होती, कारण बाळाचं कापड तसंच धुतलं जाणार होतं. गोधडी वेगळी एका खुर्चीवर होती. चांदणीचं लाल पांढऱ्यात इतकं उतरलं होतं की टोक कुठे संपलं ते दिसत नव्हतं. अनुसयाबाई खुर्चीशेजारी उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या. उलट त्याच घाबरलेल्या दिसत होत्या. "मास्तर, तुम्ही यातले जाणकार. म्हणून बोलावलं. हे असं का झालं? उद्या हा रंग चार दिवसांच्या बाळाच्या अंगाला लागला असता तर?"

कापड कुठून घेतलं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी पुष्कळ केला आहे. कदाचित तेव्हाही मी काहीतरी रचलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि मी एक असं वाक्य बोललो की ज्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

"बाईला कोऱ्या कापडाची सवय नाही."

अनुसयाबाई गोधडीकडे बघत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "माही चूक झाली. मी भिजवलं नाही. भिजवाले पाह्यजे होतं."

"मग का नाही भिजवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वेळ नव्हता."

माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी वाट बघत होतो, आता निघेल, आता निघेल. निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपण सध्या जरा थांबू या." ते थांबणं कायमचं ठरलं. त्या खोलीत पुढे जुन्या खाटा ठेवल्या.

मला वाटलं होतं, अनुसयाबाई आता दुकानात येणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, त्या आल्या. पोतं पायरीवर रिकामं केलं, निवडलं, गाठोडं बांधलं, गेल्या. वडिलांनी विचारलं, काय झालं गं बाई त्या कामाचं. "नाही जमलं, मोठे मास्तर," त्या म्हणाल्या. त्यावरून मी समजलो की त्यांना काही कळलेलं नाही. मला हायसं वाटलं.

पुढे त्यांच्या गोधड्या बदलल्या. आडव्या-उभ्या पट्ट्या, चौकोन, त्यापुढे काही नाही. चांदणी त्यांनी बंद केली. लोक विचारायचे, तर म्हणायच्या, आता डोळे नाही देत साथ. तेव्हा त्यांचं वय पस्तीस-चाळीसच्या पलीकडे नव्हतं. सुईत दोरा त्या पहिल्या खेपेत ओवत होत्या, मी बघत होतो. आणि त्यांची चांदणी बंद झाली याचं मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. बरं वाटलं. वडील वारले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवरची गोधडी मी त्यांच्यासोबत दिली. लोक म्हणाले, मुलाने वडिलांची आवडती वस्तू दिली. मला ती घरात नको होती.

ऐंशीनंतर तयार कपड्यांनी आमचा धंदा खाल्ला. कारागीर गेले, सूट गेले, कातरण गेली. अनुसयाबाई कधीतरी यायच्या बंद झाल्या, ते कधी, हेही मला नीट आठवत नाही. यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं.

कमलचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. धंतोलीतच, पण दुसऱ्या दवाखान्यात. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चादर बदलायला आया आली. पांढरी साडी, निळी किनार, केस बरेच पांढरे. कमलने आधी ओळखलं.

"अनुसयाबाई? तू इथं कशी वं?"

"इथंच तं हाय, माय, आठ वर्षं झाले."

दोघी बोलत बसल्या. लेकी कुठे दिल्या, कमलला किती टाके पडले. मी खिडकीपाशी उभा. कमलला एका कुशीवर वळवून त्यांनी अर्धी चादर काढली, अर्धी नवी घातली, मग दुसऱ्या कुशीवर. कमल कण्हलीसुद्धा नाही. औषधाने तिचे डोळे मिटायला लागले तशा त्या उठल्या. मी त्यांच्यामागे व्हरांड्यात गेलो. त्या तिथल्या बाकावर स्वच्छ चादरींच्या घड्या घालत होत्या.

"अनुसयाबाई," मी म्हटलं, "ते लाल कापड. मले माहीत होतं."

त्यांचा हात थांबला नाही. "मलेही माहीत हाय."

"केव्हापासून?"

"त्या शुक्रवारीच. तुम्ही अंगठा ओला केल्याबिगर कोणाले कापड देत नव्हते, मास्तर. मोठ्या साहेबाच्या कोटालेही नाही. त्या दिवशी अंगठा लावलाच नाही. अन् मी पाह्यलं, पण ध्यानात नाही घेतलं. त्या चादरी पाह्यल्यावर आलं ध्यानात."

"मंग तिथं बोलली काहून नाही? मी तिथंच उभा होतो."

त्यांनी घडीची कड दाबून सरळ केली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पण दुसरंही काही नव्हतं.

"बोलली असती तं शनिवारी कातरण कोठून आणली असती?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. शब्द मी घरून जुळवून आणल्यासारखे तयार होते, कित्येक वर्षांपासूनचे. त्यांनी चादरींची चळत उचलून छातीशी धरली.

"जा, पेशंटजवळ बसा. सलाईन संपत आली तिची."

मी लगबगीने खोलीत गेलो. बाटली अर्धी भरलेली होती. पुन्हा व्हरांड्यात आलो तर बाक रिकामा. पलीकडच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, कोण्या बाईला म्हणत होत्या, "जराशी उठ वं माय, चादर बदलवून देतो तुही."

आम्ही तिथं आणखी पाच दिवस होतो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत चादर बदलायला एक दुसरीच तरुण आया येऊ लागली. ती कमलला ओढून वळवायची, टाके दुखायचे. चौथ्या दिवशी कमल मला म्हणाली, "अनुसयाबाई काहून नाही येऊन राहिली हो?"

"ड्युटी बदलली असंल," मी म्हटलं.